सतरावं पाऊल

गोडादरा, सुरत
मंगळवार, २ जून १९९८

प्रिय धनश्री,

आधी सगळ्यांच्या तब्येती कळव, आणि त्याही एकेकाची वेगळी. मागच्या वेळेसारखं 'घरी सर्व मजेत' एवढ्यात गुंडाळू नकोस. तुझ्या आजीचा, कलाबाईंचा गुडघा कसा आहे? इथून गेल्या तेव्हा भिंतीला धरून चालत होत्या. आता अंगणापर्यंत तरी जातात का? तुझ्या वडिलांचा, योगराजरावांचा खोकला अमळनेरच्या हवेत कमी झाला असेल. मागांवर काम केलेल्या माणसाच्या छातीत धाग्याचा भुगा वर्षानुवर्षं बसून असतो, त्यांना म्हणावं गूळ खात जा आणि विडी ओढत असतील तर मला कळल्याशिवाय राहणार नाही. रंजनाला चष्मा लागला म्हणे. तो डोळ्यांवर असतो की पेटीत? तुझी आई लहानपणापासून अशीच, नवी वस्तू वापरली तर झिजेल म्हणून ठेवून देते. तुझा धाकटा भाऊ ललित दहावीला गेला ना? त्याचा पुढचा अर्धा तुटलेला दात बसवला की नाही? आणि तू कशी आहेस ते मी आता विचारत नाही. ते शेवटी विचारतो, कारण मला ताप-खोकल्याचं विचारायचं नाही.

आमच्याकडचं सांगतो. तुझी मामी ठणठणीत. साड्यांना टिकल्या लावायचं काम अजून घरी आणते, त्यामुळे आमच्या घरात भातात टिकली, अंथरुणात टिकली, माझ्या मिशीतसुद्धा एकदा टिकली निघाली. मी त्याच मिशीने क्लासला गेलो होतो. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात आपला कराटेचा क्लास अजून चालतो, दर रविवारी सकाळी. पोरं आता चौदा आहेत. तुझ्यानंतर काळा पट्टा घेण्याच्या जवळ आलेली श्वेता नावाची एक मुलगी आहे, बँकेतल्या सुरेश साहेबांची. आणि पराग नावाचा एक टारगट आहे, तो माझ्याशी मराठीत सुरू करतो, गुजरातीत भांडतो आणि हिंदीत माफी मागतो.

रंजनाचं पत्र शुक्रवारी आलं. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी तुला कराटे शिकवायला बोलावलंय, दहा तारखेच्या आत हो किंवा नाही सांगायचंय, आणि तू नाही म्हणायच्या बेतात आहेस, एवढं समजलं. का नाही म्हणतेस तेही तिने लिहिलंय. त्यावर मी येतोच, पण मला थोडं आडवळणाने येऊ दे. सरळ यायला माझी जीभ वळत नाही, आणि हात तर गेलं वर्षभर वळतच नव्हता.

हो, हाताचं तुम्हाला कळवलं नव्हतं. माझा उजवा खांदा आखडला. सव्वीस वर्षं मागाचं हँडल ओढलं, त्याने कधी तक्रार केली नाही, आणि मग एका सकाळी शर्टाच्या बाहीत हात जाईना. मामी म्हणाली, उलटं निजला असाल. आठ दिवस तेल चोळलं, गरम विटेने शेकलं, काही फरक नाही. शेवटी ट्रस्टच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. वयाने तुझ्याएवढ्याच, गुजराती, हसऱ्या. त्यांनी माझ्या हातात अर्ध्या किलोचं वजन दिलं आणि म्हणाल्या, हे हळूहळू वर न्या काका. मला रागच आला. ज्या माणसाने सुताची भरलेली बीमं उचलून मागावर चढवली, त्याला अर्धा किलो! मी ते झटक्यात वर नेलं आणि तिथेच मटकन खाली बसलो. त्या म्हणाल्या, "धीमे, काका, धीमे. उतावळ शेनी छे?" घाई कसली, असं विचारत होत्या. घाई कसली होती ते मलाच कधी माहीत नव्हतं.

मग त्यांना मी सांगितलं की मी कराटे शिकवतो. त्यांनी विचारलं, काता म्हणजे काय? मी म्हणालो, समोर कुणी नसताना केलेली लढाई. ठरलेल्या हालचाली, ठरलेल्या क्रमाने, आमच्या कात्यात सत्तावीस. तर त्या म्हणाल्या, मग तुम्हाला दुसरा व्यायाम कशाला हवा? हाच करा, पण वजन अर्ध्याचंही अर्धं घ्या आणि इतका सावकाश करा की बघणाऱ्याला कंटाळा आला पाहिजे.

घरी येऊन मामीला म्हटलं, दोन थैल्या शिवून दे, पाव पाव किलोच्या. शेजारी घराचं काम चाललंय, तिथून ओंजळभर वाळू आणली. मामीने ती चाळली, धुतली, वाळवली, किराणावाल्याच्या तराजूवर तोलली, एवढं तिने कधी माझ्यासाठी तांदूळसुद्धा निवडले नाहीत. आणि थैल्या शिवल्या कशाच्या, तर टिकल्यांच्या साडीच्या उरलेल्या तुकड्याच्या. गुलाबी. मी म्हणालो, अगं मी मास्तर आहे, चार लोक बघतात. ती म्हणाली, "अर्धा खांदा हालना नही, अन् रंग निवडी ऱ्हायनात!" संपलं. तर तुझा मामा रोज सकाळी गच्चीवर, दोन्ही मुठींतून वीतभर दोरीने लोंबणाऱ्या गुलाबी चमचमत्या थैल्या घेऊन, एका पावलाला चार श्वास लावत उभा. समोरच्या गॅलरीतल्या बायका आधी हसायच्या, मग बघायच्या, आणि पंधरा दिवसांनी खरंच कंटाळल्या. तेव्हा म्हटलं, आता बरोबर जमतंय.

धनू, हळू करण्यात काय असतं ते मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. जोरात केलं की हात कुठून निघाला आणि कुठे पोचला एवढंच दिसतं, मधलं सगळं माफ. सावकाश केलं की मधलंच सगळं. आणि त्यात ती थैली. पाव किलोचं ते वजन अंगाला काही भारी नाही, पण चुगलखोर भारी. पाऊल नीट पडलं, कंबर नीट वळली, तर थैली दोरीवर शांत असते, देवघरातल्या घंटेसारखी. जरा कुठे अंग अडखळलं की तिला झोका बसतो. पहिल्या आठवड्यात तर सत्तावीसच्या सत्तावीस ठिकाणी झुलत होती. महिन्याभरात एकेक जागा शांत होत गेली. खांदाही सुटत गेला. तीन महिन्यांनी एकच जागा उरली. सतरावं पाऊल. डावीकडे वळून पाय टाकायचा आणि उजवं कोपर मागे न्यायचं, ते. तिथे थैली रोज झुलायची. मी म्हणायचो, खांदा आहे, होईल बरा.

मग एका रविवारी गंमत म्हणून पोरांनाही थैल्या करून दिल्या. परागने टिकल्या बघून विचारलं, "मास्तर, लग्नाला जायचंय का?" त्याला म्हटलं, तुझ्याच, आधी सतरापर्यंत तर पोच. सहा पोरं रांगेत उभी केली. मी मोजत होतो, सावकाश, तेरा, चौदा, पंधरा. सोळापर्यंत श्वेताची थैली अगदी स्थिर, काय सांगू तुला, पाहून जीव निवला. आणि सतराला सहाच्या सहा थैल्या एकदम झुलल्या. एकाच बाजूला, एकाच वेळी. सहाही पोरांचे खांदे धडधाकट. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. पराग म्हणाला, "मास्तर, ही स्टेपच तशी असेल." मी त्याला गप्प बस म्हणालो आणि क्लास अर्धा तास आधीच सोडला. इतक्या वर्षांत कधी सोडला नव्हता.

तुला ते पुस्तक आठवतं का, माझ्या ट्रंकेतलं? जुन्या बाजारात ढिगातून उचललेलं, हिंदी, चित्रांचं. तेच माझे गुरुजी. ते मी कुणाला सांगत नसे, पण तुला एकदा दाखवलं होतं. त्यात सतराव्या चित्राचा खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला आहे, माणूस कमरेपर्यंतच दिसतो. पाय नाहीत. पाय मी माझ्या मनाने बसवले. आणि ते बसवले कुठे? खात्यात, आमच्या मागांच्या कारखान्यात. तेव्हा खोलीत आम्ही सातजण राहायचो, हात पसरायला जागा नव्हती. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, माग थांबलेले असायचे, त्या दिवशी दोन मागांमधल्या गल्लीत मी एकटा काता करायचो. चार वर्षं तिथेच शिकलो.

परवाच्या परवा वीज बंद होती त्या दिवशी मी जुन्या खात्यात गेलो. राघो मिस्त्री अजून तिथेच आहे, माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेला, तुला तो खांद्यावर बसवून शेंगदाणे द्यायचा. त्याला म्हटलं, जरा गल्लीत उभा राहू दे. थैल्या काढल्या आणि सुरुवात केली. राघो मला वेड्यात काढत दुसऱ्या एकाला म्हणत होता, "हाऊ हिलाल याडा व्हई गया का?" मी डोळे मिटले होते. सतराला डोळे उघडले तर माझं पाऊल मागाच्या लोखंडी पायाच्या बोटभर अलीकडे थांबलेलं. कोपर हँडलपासून बोटभर आत घेतलेलं. न बघता, सवयीने. धनू, मी तिथेच सुताच्या कांड्यांच्या खोक्यावर बसून राहिलो. राघोने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं छातीत कळ आली. एका मागाला धक्का लागू नये म्हणून मी पाय आखूड टाकला होता, आणि पुढे मोकळ्या मैदानात, जिथे चारी बाजूंना काही नाही, तिथे इतक्या पोरांना तोच आखूड पाय शिकवला. त्या मैदानात सतराव्या पावलाला सगळ्यांच्या समोर एक माग उभा असायचा आणि तो एकालाही दिसायचा नाही.

एकीला सोडून. तू चौदा वर्षांची होतीस. थकून टाकीच्या भिंतीला टेकली होतीस आणि म्हणालीस, "मामा, इथे पाय अडकल्यासारखा वाटतो. अजून पुढे जावासा वाटतो." मी काय म्हणालो तेही मला आठवतं. म्हणालो, पाय अडकत नाही, तुझं लक्ष अडकतंय. तू कधी मागांच्या गल्लीत उभी राहिली नव्हतीस. तुझ्या पायाला तिथे काही दिसलंच नाही, म्हणून तो खरं बोलला. मी मास्तर होतो, म्हणून मी ऐकलं नाही.

आता बडोद्याचं. त्या स्पर्धेचं आपण दोघं कधी बोललो नाही. डिसेंबर होता, तू पांढऱ्या ड्रेसखाली स्वेटर घालू का म्हणून विचारत होतीस. सोळापर्यंत तू असा काता केलास की शेजारच्या क्लासचे मास्तर उठून उभे राहिले. सतराला तुझा पाय पुढे गेला, पूर्ण, जसा जायला हवा तसा, आणि मग मधेच तुला मी आठवलो. तू तो मागे घेतलास. तिथेच थांबलीस. दोन श्वास, तीन श्वास. मग पुढचं केलंस, पण गेलं ते गेलं. नंतर त्या म्हाताऱ्या परीक्षकांनी आपल्या दोघांना टेबलाजवळ बोलावलं आणि विचारलं, "बेटी, यह पैर पीछे क्यों लिया? किसने सिखाया?" रागावून नव्हे, खरंच जाणून घ्यायला. तू माझ्याकडे पाहिलंस. बाजूला आपल्या क्लासच्या पोरांचे आईबाप उभे होते. मला वाटलं, आता हे विचारतील तुमचे गुरू कोण, आणि मी काय सांगू, वाळवीने खाल्लेलं पुस्तक? मी म्हणालो, "भूल गयी, साहब. बच्ची है." गाडीत मामीने दिलेल्या दशम्या तू सोडल्यासुद्धा नाहीस. पट्टा मांडीवर घेऊन खिडकीशी बसलीस. घरी आल्यावर रंजनालाही मी तेच सांगितलं, गल्लीत सगळ्यांना तेच सांगितलं, पोरगी ऐन वेळेला विसरली. इतक्यांना सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. तू एकदाही म्हणाली नाहीस, मामा, मी विसरले नव्हते.

पुढच्या सप्टेंबरात प्लेग आला आणि अर्धी गोडादरा आपापल्या गावी गेली. तुम्हाला स्टेशनवर सोडायला आलो होतो. तुझ्या तोंडाला रुमाल बांधलेला होता, गाडी हलताना तू काही बोललीस की नुसतंच बघितलंस, ते मला कळलं नाही. ड्रेस तू आमच्याकडेच ठेवून गेलीस, लहान झाला म्हणून. मामीने तो मापून पाहिला. लहान झाला नव्हता.

आता हे सगळं आजच का लिहितोय ते सांगतो. रंजनाने पत्रात तुझं म्हणणं जसंच्या तसं लिहिलंय: "धनू म्हणते, मला मधेच विसरायला होतं, मी पोरींना काय शिकवणार?" मी ते तीन वेळा वाचलं, मग मामीला वाचायला दिलं. पोरी, तू गप्प राहिलीस ते माझी लाज राखायला असं मी साडेचार वर्षं समजत होतो. तू माझं खोटं खरं मानून बसली असशील असं स्वप्नातही आलं नाही. तू विसरली नव्हतीस. तुझा पाय बरोबर होता आणि माझं शिकवणं चूक होतं. हे मी परवा रविवारी चौदा पोरांसमोर, श्वेताच्या आईवडिलांसमोर मोठ्याने सांगितलं, आणि आता तुझ्या आईला वाचून दाखव म्हणून इथे लिहून देतोय. राघो गुरुवारी गावी, अमळनेरला निघालाय, त्याच्याबरोबर माझ्या त्या दोन थैल्या पाठवतो. गुलाबी आहेत, नाक मुरडू नकोस. सकाळी अंगणात कर, कलाबाईंना खाटेवर बसव, त्या बघतील. आधी सतरावं माझ्यासारखं टाक, मग तुझ्या पायाला जावंसं वाटेल तिथे जाऊ दे. थैली झुलली तर माझं हे पत्र चुलीत घाल. नाही झुलली, तर दहा तारखेच्या आत मोठ्या बाईंकडे जा आणि हो म्हणून ये. इथे परवापासून पोरं भेटतील तिथे मला विचारतात, मास्तर, खरं सतरावं दाखवा. मी टाकतो, पण माझा पाय अजून त्या मागाशी थांबतो, इतक्या वर्षांची सवय ऐकत नाही. दिवाळीच्या सुटीत तूच येऊन त्यांना शिकव, आणि तेव्हा मीही रांगेत उभा राहीन, परागच्या मागे. आता तुझी तब्येत विचारतो: कशी आहेस? चार ओळी लिही, वाकड्यातिकड्या चालतील, रागावलेल्या तर नक्कीच चालतील, पण राघो परत यायच्या आत लिही. पोस्टमन आमच्या गल्लीत दुपारी येतो, आणि मी गच्चीवरच असतो.

तुझाच,
हिलालमामा